झाकोळलेल्या तबकड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डीप पर्पल, ब्लॅक सबाथ, लेड झेपलिन आणि येस या रॉक बँडांचे 1970 ते 1973 या काळातले सगळे अल्बम मी अनेकदा ऐकले आहेत. त्याच काळातले, पण फारसे कुणाच्या कानावर न पडलेले काही अल्बम सुचवाल का?

उत्तर : आपली आवड पाहता पहिले नाव ‘कॅप्टन बियॉन्ड’ या बँडच्या त्याच नावाच्या 1972 मधल्या अल्बमचे घ्यावे लागेल. डीप पर्पलचा पहिला गायक रॉड एव्हन्स, आयर्न बटरफ्लाय या बँडमधून आलेले गिटारवादक लॅरी राइनहार्ट व बासवादक ली डॉर्मन आणि ब्लूज गिटारवादक जॉनी विंटरच्या साथीला असलेला ड्रमवादक बॉबी काल्डवेल अशी ही चौकडी होती. सुरुवातीलाच काल्डवेल पाच मात्रांची चाल धरतो. चारच्या ठेक्याला सरावलेला श्रोता तिथे जरा अडखळतो; पण गिटारची धून त्या पाच मात्रांत इतकी चपखल बसलेली आहे की दोन-तीन आवर्तनांनंतर मोजणे आपोआप सुटते. पुढची गाणी मध्ये न थांबता एकमेकांत मिसळत जातात, त्यामुळे यातले एखादेच गाणे वेगळे काढून ऐकण्यात अर्थ नाही. हा अल्बम ‘कॅप्रिकॉर्न’ने काढला. ही कंपनी ऑलमन ब्रदर्स बँडच्या दाक्षिणात्य अमेरिकी रॉकसाठी ओळखली जात होती आणि तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला या संगीताचे काय करावे हे कळले नसावे, असे माझे मत आहे.

दुसरा अल्बम ‘टी-टू’ या इंग्लिश त्रयीचा ‘इट विल ऑल वर्क आउट इन बूमलँड’ (1970). यात चारच रचना आहेत आणि त्यांतली ‘मॉर्निंग’ ही एकवीस मिनिटांची रचना तबकडीची संपूर्ण दुसरी बाजू व्यापते. गाणारा पीटर डंटन हाच ड्रमही वाजवतो. त्याचा आवाज हळवा, जवळजवळ संकोची आहे आणि कीथ क्रॉसची गिटार मात्र कडकडत कोसळणारी. या दोन टोकांमधला ताण हेच या अल्बमचे खरे सौंदर्य आहे, आणि तो तीनच माणसांनी पेलला आहे हे ऐकताना लक्षातही येत नाही.

‘क्वाटरमास’ या बँडचा 1970 मधला अल्बम गिटारशिवायचा आहे, हे सांगूनही अनेकांना पटत नाही, इतका पीटर रॉबिन्सनचा ऑर्गन त्यात गुरगुरतो. यातले ‘ब्लॅक शीप ऑफ द फॅमिली’ हे गाणे डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याला इतके आवडले होते की 1975 मध्ये त्याने ते आपल्या रेनबो या नव्या बँडच्या पहिल्या अल्बमवर घेतले. वेल्समधल्या ‘बजी’ या बँडचा 1973 मधला ‘नेव्हर टर्न युअर बॅक ऑन अ फ्रेंड’ही घ्यावा, त्यातले ‘ब्रेडफॅन’ हे गाणे मेटॅलिका या हेवी मेटल बँडने पुढे वाजवल्यामुळे ओळखीचे वाटेल.

प्रश्न : हे अल्बम चांगले होते, तर ते विकले का गेले नाहीत?

उत्तर : 1969च्या सुमारास ब्रिटनमधल्या बड्या कंपन्यांनी या नव्या संगीतासाठी स्वतंत्र लेबले, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या उपशाखा, सुरू केल्या : फिलिप्सचे ‘व्हर्टिगो’, ईएमआयचे ‘हार्वेस्ट’, थोड्या काळाने आरसीएचे ‘निऑन’. धोरण असे की पुष्कळ बँडना करारबद्ध करायचे आणि त्यांतला जो चालेल त्याच्यामागे पैसा लावायचा. व्हर्टिगोवर ब्लॅक सबाथ चालले आणि त्यांच्या सावलीत ‘क्रेसिडा’सारखे बँड मागे पडले. त्यातच वीस मिनिटांची रचना रेडिओवर लागणे कठीण, आणि रेडिओ नाही तर खप नाही. गुणवत्तेचा प्रश्न पुष्कळदा आलाच नाही.

प्रश्न : या काळातल्या अनेक अल्बममध्ये व्हायोलिनच्या ताफ्यासारखा, पण किंचित थरथरणारा आवाज येतो. ते वाद्य कोणते?

उत्तर : तो बहुधा मेलोट्रॉन असावा. या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या वादकांनी वाजवलेला तो स्वर ध्वनिमुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकू लागते. सुमारे आठ सेकंदांत ती संपते, स्वर तुटतो, आणि बोट उचलताच स्प्रिंग तिला मागे ओढून घेते. म्हणून वादकाला सतत पुढच्या स्वरसमूहाकडे सरकत राहावे लागते. आपल्याला जाणवलेली थरथर ही त्या फितीच्या चालीतल्या असमानतेची आहे. 1970 मध्ये आलेल्या ‘एम 400’ या प्रकारात अशा 35 पट्ट्या होत्या. हा आवाज मनसोक्त ऐकायचा असेल तर ‘स्प्रिंग’ या बँडचा 1971 मधला अल्बम ऐकावा, कारण त्यात तीन जण मेलोट्रॉन वाजवतात. ड्रमवर आहे पिक विदर्स, जो पुढे डायर स्ट्रेट्स या बँडमध्ये गेला.

प्रश्न : इंग्रजीखेरीज अन्य भाषांत असे काही आहे का?

उत्तर : इटलीत तर भरपूर आहे. ‘बांको देल मुतुओ सोक्कोर्सो’च्या 1972 मधल्या पहिल्या अल्बमचे वेष्टन पैसे साठवण्याच्या गल्ल्याच्या आकारात कापलेले होते, बँडच्या नावातच बँक असल्यामुळे ही थट्टा शोभली. नोचेन्झी बंधूंचे दोन कीबोर्ड आणि फ्रान्चेस्को दी जाकोमोचा ऑपेराच्या वळणाचा आवाज ऐकताना भाषा आडवी येत नाही. जपानच्या ‘फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड’चा ‘सातोरी’ (1971) पाच भागांत आहे आणि तो प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकपेक्षा हेवी, म्हणजे जड गिटारच्या रॉककडेच अधिक झुकतो.

प्रश्न : ‘लीफ हाउंड’ या बँडच्या मूळ तबकडीसाठी लोक हजारो पौंड मोजतात. ती खरोखर तेवढी श्रेष्ठ आहे का?

उत्तर : नाही. ‘ग्रोअर्स ऑफ मशरूम’ हा दणकट, रांगडा अल्बम आहे आणि पीटर फ्रेंचचा गळा जबरदस्त आहे. पण किंमत आहे ती दुर्मीळतेची. 1971 मध्ये डेक्काने तो बाजारात आणला तेव्हा बँड फुटलेला होता आणि प्रती थोड्याच निघाल्या. नंतरची आवृत्ती घ्यावी. एकच काळजी घ्यावी : अशा आवृत्त्यांच्या शेवटी पुष्कळदा जादा गाणी जोडलेली असतात, त्यामुळे पहिल्या खेपेला मूळ अल्बम जिथे संपतो तिथे थांबावे. ‘बूमलँड’ ऐकताना तर ‘मॉर्निंग’ संपल्यावर यंत्र बंदच करावे.