दहशतवादी हल्ल्यानंतर मित्रदेश खरंच साथ देतात का, की नुसती निषेधाची पत्रकं काढतात?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणताय की हल्ला झाला की सगळे देश 'आम्ही तुमच्यासोबत आहोत' म्हणतात, इमारतींवर झेंड्याचे दिवे लावतात आणि आठवड्याभरात विसरतात. बऱ्याचदा होतं तसं, मान्य. पण ११ सप्टेंबर २००१ ला अपहरण केलेल्या विमानांनी अमेरिकेवर हल्ला झाला तेव्हा मी कॅनडात होते, मिसिसॉगाला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि तेव्हा जे पाहिलं त्यामुळे मी तरी सरसकट तसं म्हणू शकत नाही.

त्या सकाळी अमेरिकेने आपलं आकाश बंद केलं. युरोपातून निघालेली शेकडो विमानं तेव्हा अटलांटिकवर होती, काहींना मागे फिरता आलं पण ज्यांनी अर्धा समुद्र ओलांडला होता त्यांच्याकडे परतण्याइतकं इंधन नव्हतं. ती सगळी कॅनडाने उतरवून घेतली, सव्वादोनशेच्या आसपास. आता हे ऐकायला सोपं वाटतं, पण त्या तासाला कुणालाच माहीत नव्हतं की यातल्या आणखी एखाद्या विमानात अपहरणकर्ते बसलेत का. म्हणून तर समुद्रावरून येणारी विमानं टोरोंटो-मॉन्ट्रियलसारख्या मोठ्या शहरांपासून लांब, पूर्व किनाऱ्याकडे वळवली. तिकडे पश्चिमेला कोरियन एअरच्या एका विमानातून चुकून अपहरणाचा सिग्नल गेला होता, ते अमेरिकेने कॅनडातल्या व्हाइटहॉर्सकडे पाठवलं आणि त्या छोट्या गावातल्या शाळा घाईघाईने रिकाम्या कराव्या लागल्या. गरज पडली तर ते पाडायची परवानगी आपण दिली होती असं कॅनडाचे पंतप्रधान क्रेतिएन यांनी नंतर सांगितलं. तरी दार उघडलं. माझ्या लेखी साथ म्हणजे हे, शेजाऱ्याच्या घराला आग लागलीय आणि ठिणगी आपल्या छपरावर पडू शकते हे दिसत असताना त्याच्या पोरांना आत घेणं.

पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंडमधलं गँडर म्हणजे दहाएक हजार वस्तीचं गाव, पण धावपट्टी भली मोठी, कारण पूर्वी अटलांटिक ओलांडणारी विमानं तिथे इंधन भरायला थांबायची. तिथे ३८ प्रवासी विमानं उतरली, साडेसहा हजारांच्या वर माणसं! कित्येकांना तर अख्खी रात्र विमानातच काढावी लागली, सामान खाली उतरवायला परवानगी नाही, म्हणजे अंगावरचे कपडे आणि हातातली पिशवी, बस. स्कूल बसचे ड्रायव्हर तेव्हा संपावर होते, ते संप बाजूला ठेवून गाड्या घेऊन आले. शाळा, चर्च, क्लब, सगळीकडे गाद्या टाकल्या, गँडरमध्ये मावेनात तेव्हा लुईसपोर्ट, गँबो, ॲपलटन अशा आजूबाजूच्या गावांनी वाटून घेतले. बायकांनी घरून पातेली भरभरून जेवण पाठवलं, इतकं आलं की आइस हॉकीच्या रिंकचाच फ्रीज केला. ज्यांची औषधं सामानात अडकली त्यांच्यासाठी तिथल्या फार्मासिस्टनी जगभरात डॉक्टरांना फोन लावले. अनोळखी लोकांना घरी नेऊन आंघोळीला गरम पाणी दिलं, फोन वापरू दिला. आमचे एक स्नेही तेव्हा न्यू जर्सीत होते, दिवसभर त्यांचा फोन लागत नव्हता आणि आमचं काय झालं होतं ते मला आठवतं, त्यामुळे ह्या फोनचं मोल मला कळतं. आणि कुणी पैसे घेतले नाहीत. लुईसपोर्टला राहिलेल्या प्रवाशांनी परतीच्या विमानातच वर्गणी काढून तिथल्या शाळेतल्या मुलांसाठी स्कॉलरशिप फंड सुरू केला.

१४ तारखेला ओटावात संसदेसमोर लाखभर माणसं जमली होती. मी टीव्हीवर बघत होते आणि रडत होते. त्या हल्ल्यात २४ कॅनेडियनही गेले होते, पण ती गर्दी काही फक्त त्यांच्यासाठी नव्हती.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी कारण ती आपल्या लोकांची आहे. १९८५ मध्ये एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बने उडवलं गेलं, ३२९ माणसं गेली, बहुतेक कॅनडाचेच नागरिक पण भारतीय वंशाचे, आणि तेव्हा इथल्या पंतप्रधानांनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना. जणू गेलेली माणसं परक्या देशाची होती. सरकारने माफी मागितली ती २०१० मध्ये. म्हणजे मी डोळे मिटून कॅनडाचं कौतुक करत नाहीये, २००१ ला ही माणसं जशी वागली तशी आपल्याच घरातल्या मेलेल्यांसाठी आधी वागली नव्हती, हे मला अजून बोचतं.

पुढचं थोडक्यात सांगते. २० सप्टेंबरला अमेरिकेचे अध्यक्ष बुश अमेरिकन संसदेत बोलले, बऱ्याच देशांचा उल्लेख केला, कॅनडाचं नाव नाही. ऑफिसात दुसऱ्या दिवशी लोक खरंच दुखावले होते. पण साथ सोडली नाही. कॅनडाचं सैन्य अफगाणिस्तानात गेलं, एप्रिल २००२ मध्ये कंदाहारजवळ अमेरिकन विमानाच्याच बॉम्बने चुकून त्यांचे चार सैनिक मेले, तरी ते तिथे राहिले, २०१४ पर्यंत. १५८ सैनिक गमावले.

आणि २००३ च्या मार्चमध्ये इराकवर हल्ल्यासाठी बोलावणं आलं तेव्हा क्रेतिएन यांनी संसदेत सरळ नाही म्हणून सांगितलं. अमेरिका चिडली, इथलेही काही लोक म्हणाले आता व्यापाराचं काय होणार. मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं की हा नकारही त्याच मैत्रीचा भाग होता, ज्याने संकटात घर उघडलं त्यालाच असं तोंडावर नाही म्हणायचा हक्क असतो. बुश शेवटी डिसेंबर २००४ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सला आले, ज्या शहरात ११ सप्टेंबरला ४७ विमानं उतरली होती, आणि तीन वर्षं राहून गेलेले आभार त्यांनी तिथे उभं राहून मानले. इराकचा नकार तोवर पावणेदोन वर्षं जुना झाला होता आणि कॅनडाने तो बदलला नव्हता.