निराधारचे अडीच हजार विसरा, मुलाचं रिटर्न आधी थांबवा

प्रश्न: नागपुरात सेमिनरी हिल्सच्या एका केंद्र सरकारी कार्यालयातून निवृत्त झालो, शेवटचा मूळ पगार 70,000. मुलगा 34 वर्षांचा. त्याला 12 वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे, धंतोलीत औषधं चालू आहेत, नोकरी टिकत नाही. दिव्यांग प्रमाणपत्र काढून निराधारचे महिना 2,500 सुरू करावेत का? एजंटने त्याच्या नावे वर्षाला 3 लाखांची युलिप (बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी) दिली, आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. पॉलिसी मागच्या आठवड्यात हाती आली. स्थळं बघताना बरं पडावं म्हणून दरवर्षी त्याच्या नावे 4.8 लाखांच्या ट्यूशनच्या कमाईचं इन्कम टॅक्स रिटर्न भरतो, ट्यूशन प्रत्यक्षात नाही.

उत्तर: निराधारचं लगेच संपवू. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 आहे. भत्त्यासह तुमची पेन्शन महिन्यालाच त्याहून जास्त होते. तहसीलच्या चकरा वाचवा.

प्रमाणपत्र मात्र काढाच, कारण खरा पैसा तुम्ही न विचारलेल्या ठिकाणी आहे. मानसिक आजारामुळे कमावू न शकणाऱ्या मुलाला केंद्राच्या नियमांप्रमाणे आईवडिलांनंतर हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. 70,000 चे 30 टक्के म्हणजे 21,000, वर महागाई भत्ता. महिना 32 हजार धरा. वर्षाचे पावणेचार लाखांवर झाले, आणि भत्त्याबरोबर वाढत जाणारे. एवढं व्याज 7 टक्क्यांच्या ठेवीतून काढायला पंचावन्नेक लाख लागतील. अट अशी की मुलाचं इतर उत्पन्न या रकमेच्या आत हवं. तुम्ही तर महिना 40,000 स्वतःच्या हाताने सरकारदरबारी नोंदवून बसलात! उद्या बहीण किंवा मामा अर्ज घेऊन गेले की पॅनवरून पहिलं हेच निघणार. आणि आजार लपवून जमवलेलं लग्न कोर्टात रद्द होऊ शकतं, हेही ऐकून ठेवा.

यंदाचं रिटर्न सुधारायची मुदत असेल तर सुधारा. पुढे फक्त खरं व्याज दाखवा. मागची रिटर्नं पुसता येत नाहीत. फी कधी जमाच झाली नाही हे दाखवणारी बँक पासबुकं जपून ठेवा, आणि ट्यूशनच्या खोट्या पावत्या करण्याच्या फंदात पडू नका.

प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करा, मनोविकार विभाग असलेलं रुग्णालय निवडा. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत तो आहे. तपासणी 'आयडियाज' या मानसिक दिव्यांगत्व मोजायच्या मोजपट्टीवर होते. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद-समज आणि काम, प्रत्येकाला 0 ते 4. त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळतात: दहा वर्षांवर 4, दोन ते पाच वर्षांना 2. वीसपैकी 7 झाले की 40 टक्के दिव्यांगत्व. म्हणून 12 वर्षांपूर्वीची पहिली चिठ्ठी शोधाच. कागद तीनच वर्षांचे दिसले तर दोन गुण तिथेच गेले. दुसरी चूक घरच्यांची: मुलाला न्हाऊ घालून, इस्त्रीचे कपडे चढवून नेतात आणि डॉक्टरांना सांगतात, 'आता बरा आहे हो.' तो स्वतःहून अंघोळ करतो का, शेवटची नोकरी किती दिवस टिकली, हे जसंच्या तसं सांगा. वाढवूनही नको.

प्रमाणपत्र हाती आलं की तुमच्या हयातीतच जुन्या कार्यालयाच्या प्रमुखांकडे लेखी अर्ज करा, पत्नीनंतर मुलाचं नाव पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, चढवून घ्या. त्याच वेळी पेन्शन कोणाच्या हाती द्यायची, त्या पालकाचंही नाव लिहून द्या. मागाहून नातेवाइकांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर दर पाच वर्षांनी नवं लागेल. नॅशनल ट्रस्टची निरामय योजना कोणी सुचवली तर सोडून द्या, ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्वासाठी आहे.

आता युलिप. मुलाच्या कमाईवर घरात कोणी अवलंबून नाही, मग त्याच्या जिवाचा विमा कशासाठी? त्यात आजार लपवलेला, म्हणजे दावा नाकारायला कंपनीकडे कारण तयारच. पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. याच आठवड्यात लेखी द्या आणि पोच घ्या. एजंटला फोन करत बसू नका, तो एकतिसावा दिवस उजाडेपर्यंत गोड बोलेल.

मुलाच्या नावे 25 लाखांची ठेव ठेवली तर 7 टक्क्यांनी महिना साडेचौदा हजार व्याज, चालेल. पण भाड्याचा फ्लॅटही त्याच्या नावे केला आणि भाडं 18,000 आलं, तर कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अटीची 32 हजारांची रेघ ओलांडलीच. फ्लॅटचं मृत्युपत्रात वेगळं बघा.