शाब्दिक उदाहरणात 'क्ष' कशाला मानायचा?

दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणाचं शाब्दिक उदाहरण आलं की आपली पोरं थेट सूत्राकडे पळतात. तू तसं करू नकोस. आधी ठरव, क्ष कशाला मानायचं.

आपल्या सोलापुरी चादरींचंच घे. दुकानदाराने 6000 रुपयांच्या चादरी घेतल्या. प्रत्येक चादर 100 रुपयांनी स्वस्त असती, तर तेवढ्याच पैशात 2 चादरी जास्त आल्या असत्या. किती घेतल्या?

किंमत क्ष मानलीस तर समीकरण येतं क्ष² − 100क्ष − 300000 = 0. एवढ्या शून्यांचे अवयव पाडत बस मग! चादरींची संख्या क्ष मान. आधीची किंमत 6000/क्ष, नंतरची 6000/(क्ष + 2), दोन्हींतला फरक 100. छेद काढायला दोन्ही बाजूंना क्ष(क्ष + 2) ने गुणायचं. डावीकडे फक्त 12000 उरतात, उजवीकडे 100क्ष(क्ष + 2). आता 100 ने भाग, की क्ष² + 2क्ष − 120 = 0. गुणाकार −120, बेरीज 2: म्हणजे 12 आणि −10. म्हणून (क्ष + 12)(क्ष − 10) = 0, म्हणजेच क्ष = 10 किंवा −12.

चादरींची संख्या ऋण नसते, म्हणून −12 सोडलं, हे वाक्य उत्तरात लिहीच. पडताळा तोंडी होतो: 10 चादरी 600 ला, 12 चादरी 500 ला.

वहीत क्ष ऐवजी x लिहिलास तरी चालेल, पण 'चादरींची संख्या x मानू' ही ओळ सगळ्यात वर हवी.