वेळापत्रक पाळूनही ताण कमी होत नाही, उलट वाढतो. असं का?

तुम्ही लिहिलंय की गेले दोन महिने रोज सकाळी अर्ध्या-अर्ध्या तासाचं वेळापत्रक आखता, जमेल तेवढं पाळता, आणि तरी संध्याकाळी पूर्वीपेक्षा जास्त दडपण येतं. मग वेळेच्या नियोजनाने रोजचा ताण कमी होतो हे खरं, की नुसतं बोलायचं?

खरं आहे. पण तो कशामुळे कमी होतो हे लक्षात आलं नाही तर तेच वेळापत्रक छातीवर बसतं. माझ्या बसलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी हिशेबाचं काम करते. काही वर्षांपूर्वी महिनाअखेरीच्या धावपळीला कंटाळून मी एक वही सुरू केली. सकाळी कामं लिहायची, झालं की टिक करायची. त्यातलं एक पान मी अजून जपून ठेवलंय. सतरा कामं आणि सहा टिका. उरलेली अकरा दुसऱ्या दिवशीच्या पानावर, आणि त्यांच्याखाली आणखी आठ नवी. एका चुकीच्या बिलाबद्दल तक्रारीचं पत्र लिहायचं होतं, ते सलग तेवीस पानांवर सापडतं. शेवटी लिहायला बसले तेव्हा वीस मिनिटांत झालं. पण ते तेवीस दिवस मला अंघोळ करताना, जिना चढताना, मुलीचा अभ्यास घेताना ते पत्र आठवत होतं. तिने तोच प्रश्न दोनदा विचारावा आणि मला ऐकूच येऊ नये, असं त्या काळात कितीदा झालं.

रोजचा ताण बराचसा इथेच असतो असं माझं मत आहे. हातातलं काम आपल्याला फारसं छळत नाही, न ठरलेलं काम छळतं. अर्धवट कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडलं होतं. नंतरच्या प्रयोगांत हे दरवेळी तसंच दिसलं नाही. पण २०११ साली मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी जे दाखवलं ते माझ्या फार उपयोगी पडलं. डोक्यातली भुणभुण थांबायला काम पूर्णच व्हावं लागतं असं नाही. ते कधी, कुठे, कसं करायचं हे नेमकं ठरलं तरी ती थांबते. ‘तक्रारीचं पत्र’ असं नुसतं वहीत लिहिणं म्हणजे काहीच न ठरवणं. ‘गुरुवारी तीन वाजता, बिलांची फाइल घेऊन, पत्राचा कच्चा मसुदा’ असं लिहिलं की मन त्याचा पिच्छा सोडतं.

हे मी आता रात्री करते. त्यालाही आधार आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला सांगितलं होतं. काहींनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, काहींनी झालेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि त्यांच्यातही ज्यांनी जास्त तपशिलात लिहिलं त्यांना आणखी लवकर.

आता तुमचे अर्ध्या तासाचे चौकोन. माझा अंदाज आहे की घोटाळा तिथेच आहे. एखाद्या कामाला किती वेळ लागेल हे आपण जवळजवळ नेहमीच कमी धरतो. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हे नोंदवलं होतं. १९९४ सालच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल असं विचारलं. सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवसांचा, लागले जवळजवळ ५६. माझंही तेच. बँकेच्या ताळमेळाला, म्हणजे आमच्या नोंदी बँकेच्या नोंदींशी जुळवायला, मी कायम एक तास धरायची. एकदा घड्याळ लावून सात महिने मोजलं, तर एकदाही दीड तासाच्या आत झालं नव्हतं. म्हणजे अकरा वाजताच मी अर्धा तास मागे, आणि मग दिवसभर मागेच. माझ्या कामाचा वेग ठीकच होता, चुकीचं होतं ते वेळापत्रक. पण संध्याकाळी मला वाटायचं की मीच कमी पडले. तुम्हालाही रोज संध्याकाळी असंच वाटत असेल, तर आधी स्वतःला दोष देणं थांबवा.

दुसरं कारण जरा खोलातलं आहे. नियोजन करणाऱ्याचा ताण कमी का होतो, यावर १९९४ साली मॅकन या संशोधिकेने एक मांडणी केली. वेळ आपल्या ताब्यात आहे असं वाटणं, हा त्यातला कळीचा भाग. २०२१ साली १५८ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा नियोजनाचा संबंध कामगिरीशी दिसलाच, पण जगण्यातल्या समाधानाशी तो आणखी घट्ट दिसला. आपण बहुतेक जण मात्र जास्त कामं उरकावीत म्हणून नियोजन सुरू करतो. वाचलेल्या अर्ध्या तासात लगेच दुसरं काम कोंबलं की मिळालेली मोकळीक तिथल्या तिथे संपते. दोन वर्षं मी नेमकं हेच करत होते.

सध्या माझ्या पानावर तीनच कामं असतात. प्रत्येकापुढे मोजलेला वेळ असतो, अंदाजाचा नाही. दिवसाचा जवळजवळ निम्मा भाग मी मुद्दाम कोरा ठेवते, कारण फोन, साहेबांचं बोलावणं, अचानक आलेली दुरुस्ती हे सगळं येणारच असतं. समोरच्या पानावर ‘आज नाही’ असं शीर्षक असतं, आणि तिथल्या प्रत्येक कामापुढे तारीख. तारीख घालता येत नसेल तर ते काम मला खरोखर करायचंय का, हे तिथेच ठरवते. पुष्कळ कामं अशी गळून गेली आणि कुणाचंही काही अडलं नाही.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगते. आठ तासांत बारा तासांचं काम असेल, किंवा घरात कुणाची सतत काळजी घ्यावी लागत असेल, तर कितीही चांगलं वेळापत्रक ते पुरं पाडणार नाही. ते फक्त खरी परिस्थिती कागदावर दाखवेल. मी सात महिन्यांचे मोजलेले आकडे साहेबांसमोर ठेवले. त्याआधी ‘काम खूप आहे’ असं मी कितीदा म्हटलं असेन, पण त्या कागदाकडे ते बराच वेळ बघत बसले, आणि दोन मासिक अहवाल त्याच आठवड्यात दुसऱ्याकडे गेले. आणि झोप उडालीय, धडधड होतेय असं आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा.

पुढचा आठवडाभर वेळापत्रक आखूच नका. रोजची चार-पाच कामं निवडा, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ त्यांच्यापुढे लिहा, बाकी काही नाही. काय आकडे निघतात ते इथे कळवा, मग तुमचे चौकोन कसे बदलायचे ते आपण मिळून बघू.