सक्तमजुरी: ‘सक्त’ कोणते आणि ‘मजुरी’ कोणती?

एका वाचकाने विचारले आहे की, ‘आरोपीस तीन वर्षे सक्तमजुरी’ अशा बातमीतल्या शब्दाचा अर्थ सक्तीने करून घेतलेली मजुरी असा घ्यायचा का. कैद्याला दाम मिळत नसेल तर त्या कामाला मजुरी तरी कसे म्हणायचे. आणि त्याऐवजी ‘सश्रम कारावास’ लिहिणे अधिक शुद्ध ठरणार नाही का. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण माझ्या मते त्यांतला दुसरा सर्वांत अवघड आहे.

पहिल्याचे उत्तर व्याकरणातच मिळते. ‘सक्त’ हा फारसी ‘सख्त’चा मराठी अवतार असून त्याचा मूळ अर्थ कठीण, टणक असा आहे. आसक्त-अनासक्त यांतल्या संस्कृत ‘सक्त’शी त्याचा संबंध नाही, दोघांचे रूप योगायोगाने सारखे झाले आहे. ‘सक्ती’ हे नाम मात्र मराठीत आल्यावर आपल्या घरापासून बरेच दूर गेले. फारसीत आणि हिंदीत ते कठोरपणा एवढेच सांगते, मराठीत त्याला बळजबरीचा अर्थ चिकटला. म्हणून आपण ‘सक्तीचे शिक्षण’, ‘सक्तीची रजा’ म्हणतो, आणि कडकपणा सांगायचा असला की ‘सक्त ताकीद’, ‘सक्त मनाई’ म्हणतो. सक्तमजुरी ही या दुसऱ्या घरातली आहे. बळजबरी सांगायची असती तर मराठीने ‘सक्तीची मजुरी’ असाच प्रयोग केला असता. तेव्हा सक्तमजुरी म्हणजे कष्टाची, कठीण मजुरी. ती कैद्याच्या इच्छेविरुद्ध असते हे खरे, पण शब्द ते सांगत नाही.

१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ५३व्या कलमाने कैदेचे दोन प्रकार केले: एक ‘हार्ड लेबर’सह भोगायची आणि दुसरी साधी. ‘सक्त’ आणि ‘मजुरी’ हे त्या ‘हार्ड लेबर’चे शब्दाला शब्द ठेवून केलेले रूपांतर दिसते. मराठीतली जोडी त्यामुळे थोडी लंगडी झाली, कारण एका बाजूला ‘साधी कैद’ आणि दुसऱ्या बाजूला नुसती ‘सक्तमजुरी’ उरली. पूर्ण प्रयोग ‘सक्तमजुरीची कैद’ असा आहे आणि त्यातली कैद बातमीदारांनी घाईत गाळली आहे.

आता हे काम किती ‘सक्त’ असावे, यावर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी अमलात बराच खल झाला. शतकाच्या पूर्वार्धात बेड्या घातलेल्या कैद्यांच्या टोळ्या सडकांच्या कामावर जुंपल्या जात. ‘खडी फोडायला जाशील’ ही आपल्याकडची धमकी त्या दृश्याची आठवण जपून असावी, असे मला वाटते. महाबळेश्वरला १८३४ ते १८६४ या काळात चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. समुद्रापलीकडून आणलेल्या या लोकांनी तिथे बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, टोपल्या विणल्या, आणि तिथल्या एका धबधब्याला चायनामनचे नाव कायमचे लावून दिले. त्याच काळात इकडचे कैदी सिंगापूरला जात होते. तिथले सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदी कैद्यांच्या हातचे आहे. सक्तमजुरीचा हा चेहरा पुष्कळसा उघड्यावरचा होता.

मेकॉलेच्या पुढाकाराने नेमलेल्या तुरुंग-शिस्त समितीला नेमका हाच उघडेपणा खटकला. १८३८ च्या अहवालात तिने सडकेवरचे काम बंद करून कैद्यांना भिंतींच्या आत कंटाळवाणे, एकसुरी काम द्यावे असे सुचवले. शिक्षण, नीतिबोध, चांगल्या वागणुकीची बक्षिसे हे सारे तिने नाकारले. तुरुंगाची धास्ती बसली की गुन्हे घटतील, हे त्यामागचे गणित होते. पुढे बंगालच्या तुरुंगांचे प्रमुख डॉ. फ्रेडरिक मोआट यांनी उलट बाजू लावून धरली: काम भिंतींच्या आतच हवे, पण ते उत्पादक आणि चार पैसे मिळवून देणारे हवे. त्या विचाराचे टोक म्हणजे आग्र्याच्या तुरुंगात व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला प्रचंड गालिचा. तो आजही विंडसरच्या राजवाड्यात आहे. एकाच शब्दाखाली जाते ओढणेही बसले आणि गालिचा विणणेही बसले. १८९४ च्या तुरुंग कायद्याने या ‘सक्त’पणाला माप लावले: एरवी दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, आणि राबणाऱ्या कैद्याचे वजन निदान पंधरा दिवसांतून एकदा त्याच्या ‘हिस्टरी तिकिटा’वर, म्हणजे त्याच्या नावाच्या नोंदपत्रकावर, लिहायचे. कष्ट किती झेपले याचा निवाडा तराजूवर होत होता.

‘मजुरी’कडे येतो. फारसी ‘मुज्द’ म्हणजे मोबदला आणि ‘मज्दूर’ म्हणजे मोबदला घेणारा. मधला ‘द’ गळून आपला ‘मजूर’ झाला. मराठीत मजुरी म्हणजे काम आणि कामाचा दाम, दोन्ही: ‘मजुरी करतो’ आणि ‘मजुरी किती देणार?’ बिनदामाच्या कामाला आपल्याकडे ‘वेठ’ हा नेमका शब्द, संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला, आधीपासून होता आणि फारसीतली ‘बिगार’ही होती. तरीही कायद्याच्या मराठीने वेठ न घेता मजुरी घेतली, आणि मूळ अर्थाने दामाशी बांधलेला शब्द बिनदामाच्या कामावर चिकटवला.

ही विसंगती १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात अंगावर येईल इतकी स्पष्ट झाली. तेव्हा मुंबई आणि मद्रास इलाख्यांत धान्याच्या चोऱ्या वाढल्या आणि तुरुंग भरले. गुन्ह्यांचे प्रमाण तुरुंगाच्या धास्तीपेक्षा धान्याच्या भावाकडे अधिक पाहत होते. दुष्काळाच्या पाहणीवर सरकारने पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या माणसाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी तिच्यावर हरकत घेताना कैद्यांच्या शिध्याकडे बोट दाखवले, कारण तो शिधा याहून भरघोस होता. म्हणजे खडी फोडणाऱ्या दोन माणसांपैकी ज्याला ‘मजुरी’ मिळत होती तो उपाशी होता, आणि ज्याच्या नावापुढे ‘सक्तमजुरी’ लिहिली होती त्याचे पोट त्या मानाने बरे भरत होते.

शब्दाला त्याचा दाम परत मिळायला १९९८ साल उजाडले. सक्तमजुरीच्या कैद्याकडून त्याच्या संमतीशिवाय काम घेता येते, परंतु त्या कामाचे वाजवी वेतन त्याला दिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात ठरवले. त्यातून अन्नवस्त्राचा खर्च वळता करण्याची मुभा सरकारला राहिली. वाद संविधानाच्या २३व्या कलमातल्या वेठबिगारीच्या बंदीभोवती फिरला, त्यामुळे ‘वेठ की मजुरी’ हा आपला भाषिक प्रश्न त्या न्यायासनासमोर वेगळ्या वेषात हजर होता असे म्हणायला हरकत नाही.

उरला ‘सश्रम कारावास’. तो चुकीचा नाही, पण त्यात श्रम आहेत आणि ‘सक्त’पणा नाही, शिवाय साध्या कैदेतला माणूसही स्वखुशीने काम करू शकतो, तेव्हा नुसते ‘सश्रम’ त्याच्या कैदेलाही लागू पडेल. संस्कृत असल्यामुळे तो अधिक शुद्ध ठरतो, हे मला मान्य नाही. कोर्टाच्या आवारात पक्षकार आणि वकील दोघेही सक्तमजुरीच म्हणतात. लेखनात ‘सक्त ताकीद’ वेगळे असले तरी ‘सक्तमजुरी’ ही एका ठरावीक शिक्षेची संज्ञा असल्याने ती जोडून लिहावी, आणि जागा असेल तर वाक्य पुरे करावे: ‘आरोपीस तीन वर्षे सक्तमजुरीच्या कैदेची शिक्षा सुनावण्यात आली.’