वाचकांचे प्रश्न : मुलाच्या फिटांचे पथ्य

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा खानापूरहून रोज बेळगावला कॉलेजला जातो. दोन वर्षांपूर्वी फिट आल्यापासून त्याला सकाळ-संध्याकाळ गोळी चालू आहे. यंदा एकदाच, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीहून पहाटे परतल्यावर, पुन्हा फिट आली. दही, केळे, वांगे बंद करा, असे नातेवाईक सांगतात. त्याने नवरात्राचे उपवास करावेत का?

उत्तर : दही, केळे किंवा वांगे खाल्ल्याने फिट येते, याला वैद्यकीय आधार नाही, ते खुशाल द्यावे. आपल्या पत्रातली मला महत्त्वाची वाटते ती पहाटेची वेळ. जागरण हे फिट येण्याचे फार मोठे कारण आहे, आणि त्या रात्रीची गोळीही चुकली होती का, हे त्याला न रागावता विचारावे. मिरवणूक पाहून त्याने रात्री वेळेवर घरी यावे. मद्य पूर्ण वर्ज्य समजावे.

निर्जळी उपवास करू नये. रताळे, भगर, दूध असा फराळ नेहमीच्या जेवणाच्या वेळी घेतला तर प्रश्न सहसा येत नाही. मात्र ‘उपवासाला गोळी चालत नाही’ म्हणून ती टाळणारे रुग्ण मी दरवर्षी पाहतो, आणि नेमकी तीच चूक महागात पडते.

खाण्यातली खरी काळजी वेगळीच आहे. दूषित माती-पाण्यातून कच्च्या भाजीवर येणारी पट्टकृमीची (टेपवर्म या चपट्या जंताची) अंडी पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकते, आणि हे शुद्ध शाकाहारी माणसालाही होते. म्हणून आपल्या भागात शेतातून थेट येणारी गाजरे, मुळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत, कोबीचे एकेक पान सुटे करावे.

विहिरीत पोहणे तूर्त बंद ठेवावे, न्हाणीघराला आतून कडी लावू नये. दुचाकीचा विषय निघालाच, तर परवान्याच्या अर्जात अपस्माराबद्दल विचारलेले असते, ते लपवू नये.

फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. त्याला कुशीवर वळवून घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, तर थेट दवाखाना गाठावा.