आधी चमत्कार मोज

अनेक आशीर्वाद.

तुझा '2050 चं इंदूर' हा लेख दोनदा वाचला. भविष्याचे अभ्यासक जिम डेटर यांच्या चारही चौकटी घेतल्यायस: वाढ अशीच चालू राहील, सगळं कोसळेल, लोक शिस्तीनं हात आखडून जगतील, नाहीतर पार कायापालट होईल. पण पहिल्या तीन दीड पानात उरकल्यायस आणि कायापालटाला नऊ पानं! वर विचारतेस, "काका, यातलं खरं कुठलं?" अगं, हे ज्योतिषाला विचारायचं. तू चमत्कार मोज.

रीत माझी नाही. शेल या तेलकंपनीत भविष्याची चित्रं मांडणारे पिएर वाक होते. 1973 च्या तेलसंकटाआधी त्यांनी साहेबलोकांपुढे उलटा हिशेब मांडला: तेल स्वस्त राहायचं तर तीन चमत्कार एकदम घडायला हवेत. त्यातला एक असा, की तेलवाले देश गिऱ्हाइकाला हवं तेवढं तेल खुशीनं उपसून देत राहतील. पुढे काही महिन्यांत भाव चौपटीच्या घरात गेला.

तुझ्या कायापालटात प्रत्येकाला दरमहा बिनशर्त पैसे मिळतात. छान. 2011 मध्ये 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं इथल्याच आठ गावांत ते देऊन पाहिले. महिन्याला मोठ्या माणसाला 200 रुपये, मुलाला 100, पुढे 300 आणि 150. लोकांनी उडवले नाहीत, खाणं सुधारलं, गुरं घेतली. घराजवळचा एवढा दाखला, आणि तू त्याची एक ओळ लिहिली नाहीस! पण तो पैसा बाहेरून आला होता. तुझ्या इंदुरात कोण भरणार? हा झाला एक. पुढचे मोज.

चिडतोय खरा. 1986 साली मी इथल्याच एका कापडगिरणीच्या हिशेबखात्यात होतो. पाच वर्षांचा अंदाज म्हणजे दर साल पाच टक्के चढवायचे, बस. रजिस्टरच्या कडेला मी पेन्सिलीनं तीन ओळी लिहिल्या: जुने माग असेच चालतील, भिवंडी-बऱ्हाणपूरचे यंत्रमाग आपलं गिऱ्हाईक तोडणार नाहीत, बँक दर वर्षी सांभाळून घेईल. तिन्ही जमलं तरच आकडा खरा. साहेबांकडे जाण्याआधी मी त्या खोडल्या. सव्वीस वर्षांचा पोर, माझं कोण ऐकणार होतं? हे आजही स्वतःला ऐकवतो, आणि ते खोटं नाही. माझ्या तीन ओळींनी गिरणी वाचली नसतीच. पण त्याच वर्षी शेजारच्या खात्यातल्या एकानं आपल्या मुलाला तिथंच चिकटवलं. मला विचारून. गिरणी बंद पडली; आता 'मालवा मिल' म्हटलं की रिक्षावाला नुसत्या चौकात आणून सोडतो.

चारही चित्रं पुन्हा लिही, चमत्कार मोजून. कोसळण्यालाही ते लागतात बरं. सराफ्यात रात्री खाण्याची दुकानं लागणार नाहीत, असं एका ओळीत ठोकून दिलंयस. त्याआधी काय काय बंद पडावं लागेल?

रविवारी ये. पोहे-जिलेबी माझ्याकडून. चमत्कारांचं पान शाईनं लिहून आण.